रोगशय्येजवळची बखर

यवतमाळहून कळंब-देवळीच्या रस्त्यानें नागपूरकडे जाणारा प्रवासी वर्धा नदीचा पूल ओलांडतो, तेव्हां आपण एके काळची राज्यसीमा ओलांडली याची त्याला आठवण होत नाहीं. १८०३ च्या डिसेंबरांत देवगांवचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेलें. पुढें पन्नास वर्षें हा मुलूख निजामाचा, आणि १८५३ पासून इंग्रजांच्या व्यवस्थेखालचा. जिल्ह्याचें नांव देखील १९०५ पर्यंत यवतमाळ नव्हतें, वणी होतें. पण राज्यें गेलीं तरी गोष्टी मागें रहातात. आमच्या लहानपणीं वाड्याच्या ओसरीवर नागपूरच्या राजघराण्याच्या ज्या कथा ऐकूं येत, त्यांत एक वेड्या राजाची होती. तो गादीवर बसला, चुलतभावानें कारभार बळकावला, आणि एके रात्रीं बिछान्यांतच त्याचा जीव घेतला, एवढीच ती कथा. आम्हां मुलांचें सारें लक्ष अर्थात् खून करणाऱ्याकडे असे. त्या राजाला रोज कोण जेवूं घालीत होतें, हा प्रश्न आमच्या मनांत आला नाहीं, आणि सांगणाऱ्या वडील माणसांच्याहि आला नसावा. वयाची साठी उलटल्यावर मला आतां तोच प्रश्न पहिल्यानें सुचतो, याचें कारण पुढें येईल.

कथेंतला ऐतिहासिक भाग असा. दुसरे रघूजी भोसले २२ मार्च १८१६ रोजीं वारले व त्यांचे चिरंजीव परसोजी गादीवर आले. डोळ्यांनीं अधू, अंगानें लुळे आणि बुद्धीनें दुर्बळ असें त्यांचें वर्णन इंग्रजी लेखांतून आढळतें. गादीवर आल्यावर लौकरच ही दुर्बळता इतकी वाढली कीं, राज्याचा कारभार दुसऱ्या कोणी पहाणें भाग पडलें. प्रथम सावत्र आई बाकाबाई यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. परंतु व्यंकोजी भोसल्यांचे पुत्र मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब यांनीं त्यांस बाजूस सारून मुखत्यारी मिळविली, आणि मे महिन्यांत इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह करून ती पक्की करून घेतली. १ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजी बिछान्यांत मृत आढळले. हा मृत्यु नैसर्गिक नव्हता, त्याच्या मागें आप्पासाहेबांचा हात होता, ही गोष्ट पुढें इंग्रजांनीं आप्पासाहेबांस कैद केलें तेव्हां उघडपणें बोलली जाऊं लागली. या नाटकाच्या शेवटल्या अंकाशीं आमच्या जिल्ह्याचाहि थोडा संबंध आला. एप्रिल १८१८ मध्यें दुसरा बाजीराव पळत पळत पांढरकवड्याच्या बाजूस आला होता व तेथून जवळच शिवणीपाशीं इंग्रज फौजेनें त्याचा मोड केला. पण तें असो.

परसोजींच्या प्रेताबरोबर त्यांची पत्नी काशीबाई सती गेली. दुसरी पत्नी दुर्गाबाई मागें राहिली, आणि आप्पासाहेबांस पदच्युत केल्यावर तिच्याच मांडीवर दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा दत्तक देऊन इंग्रजांनीं त्याला तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसविलें. आपल्या इतिहासपुस्तकांतून एका राणीला चितेसाठीं एक वाक्य मिळतें, दुसरीला दत्तविधानासाठीं एक वाक्य मिळतें. राजाच्या वेडाला मात्र पानेंच्या पानें मिळतात, कारण त्या वेडामुळें शिक्का कोणाच्या हातीं गेला हें ठरलें. ज्या दहा महिन्यांत एका लुळ्या व भ्रमिष्ट माणसाला उठविणें, बसविणें, भरविणें, धुणें, निजविणें हें काम त्या वाड्यांत कोणी ना कोणी दिवसांतून दहा वेळां करीत असेल, त्या दहा महिन्यांची गणना इतिहासांत शून्य आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. परसोजींच्या दुखण्यास आजच्या वैद्यकांतलें एखादें नांव देण्याचा मोह मला होत नाहीं. दोनशें वर्षांपूर्वींच्या मनुष्याची नाडी कागदावरून पहाणें हा वैद्याचाहि धर्म नव्हे, इतिहासलेखकाचा तर नव्हेच. शिवाय ज्यांच्या सांगण्यावरून ही वर्णनें लिहिलीं गेलीं, त्यांचे हितसंबंध राजा वेडा ठरण्यांत गुंतलेले होते. मला त्या प्रकरणांतून एवढेंच घ्यावयाचें आहे कीं, बुद्धि हरवलेल्या पतीच्या संबंधांत पत्नीची भक्ति आम्हीं कोणत्या मापानें मोजली. तें माप चितेचें होतें. एका प्रहरांत संपणारी, सर्व नगरानें पाहिलेली, वाद्यांच्या गजरांत झालेली गोष्ट तेवढी भक्ति ठरली. लॉर्ड बेंटिंकनें १८२९ सालीं बंगाल इलाख्यांत त्या चालीवर बंदी घातली, पुढें ती बंदी सर्वत्र पसरली, आणि आज कोणी शहाणा माणूस त्या चालीचें समर्थन करीत नाहीं. परंतु चाल गेली तरी तें माप आपल्या मनांतून गेलें आहे काय, याविषयीं मला शंका आहे. आपल्याला अजून भक्तीचा एखादा क्षण हवा असतो. तिचा सोळा वर्षांचा हिशेब ऐकण्याइतका धीर आपल्यापाशीं नसतो.

धर्मशास्त्रकारांनीं या प्रश्नाचा विचार केलाच नाहीं असें मात्र नाहीं. किंबहुना त्यांनीं केलेला विचार वाचून मला आश्चर्य वाटलें. व्यसनी, मद्यपी किंवा रोगी पतीची हेळसांड करणाऱ्या स्त्रीस मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत शिक्षा सांगितली आहे. परंतु लगेच पुढच्याच श्लोकांत, पति उन्मत्त असेल आणि पत्नीस त्याचा तिटकारा आला, तर तिचा त्याग करूं नये व तिचें धनहि काढून घेऊं नये, असें सांगितलें आहे. म्हणजे वेड्याच्या बायकोस तिटकारा येऊं शकतो, हें ज्या ग्रंथाला आपण सर्वांत कठोर समजतों त्यालाहि ठाऊक होतें! आणखी थोडें पुढें, रोगी परंतु सुशील अशा पत्नीच्या डोक्यावर सवत आणावयाची झाल्यास तिची संमति घ्यावी, असेंहि म्हटलें आहे. हा न्याय सारखा नाहीं हें कोणासहि दिसेल. पतीला दुसऱ्या लग्नाचा मार्ग आहे, पत्नीला फक्त शिक्षेपासून माफी आहे. नारद व पराशर यांनीं स्त्रीस दुसरा पति करण्याची मोकळीक ज्या पांच आपत्तींत दिली, आणि ज्या वचनाच्या आधारें एकोणिसाव्या शतकांत विधवाविवाहाचा एवढा वाद माजला, त्या पांचांतहि वेड नाहीं. पति नाहींसा झाला तर मोकळीक आहे. पति समोर बसलेला असून नाहींसा झाला तर मात्र नाहीं.

अर्थात् हें सर्व पोथ्यांतलें. आमच्या जिल्ह्यांतील बहुसंख्य शेतकरी जातींत काडीमोड आणि पाट पूर्वीपासून चालत आले, व पोथीपेक्षां पंचांचें मत तेथें अधिक चाले. नव्या कायद्यानें ही गोष्ट सर्वांसाठीं लेखी केली. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत जोडीदार सतत तीन वर्षें असाध्य मनोविकृतीनें ग्रस्त असल्यास घटस्फोटाची तरतूद झाली, आणि १९७६ च्या दुरुस्तीनें तें तीन वर्षांचें बंधनहि गेलें. त्या वाटेनें जो जातो त्याला दोष देणारा मी कोण? पण म्हातारपणीं बुद्धि गेलेल्या जोडीदाराच्या बाबतींत हा प्रश्न बहुधा कचेरीपर्यंत जातच नाहीं. तो स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या चार हात जागेंत रोज नव्यानें सुटतो किंवा सुटत नाहीं.

आपल्या भाषेनेंहि या दुखण्याला न्याय दिलेला नाहीं. ‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपण हंसत हंसत वापरतों. ‘म्हातारचळ’ या शब्दांत तर रोग्यावर चारित्र्याचाच आरोप आहे. आतां डॉक्टरमंडळी ‘स्मृतिभ्रंश’ हा भारदस्त शब्द वापरतात. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत धी, धृति आणि स्मृति यांचा भ्रंश हें दुःखाचें कारण म्हणून सांगितलें आहे, तेव्हां शब्दाला जुना वैद्यकी आधार आहे खरा. परंतु सुशिक्षित घरांतल्या माणसाच्या कानावर हा शब्द प्रथम पडतो तो गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत. तेथें विषयांच्या चिंतनापासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून मोह आणि मोहापासून स्मृतिभ्रंश अशी उतरंड लावली आहे. त्यामुळें नवऱ्याला स्मृतिभ्रंश झाला आहे असें डॉक्टरांनीं सांगितल्यावर एखाद्या पापभीरु बाईला हें कोणत्या क्रोधाचें, कोणत्या विषयाचें फळ, असें वाटूं लागलें तर नवल नाहीं. तशी बाई मीं पाहिली आहे.

या रोगास ज्याचें नांव मिळालें त्या डॉक्टराच्या रोग्याची हकीगत जगभर सांगितली जाते; पण त्या हकीगतींतहि एक संसार आहे, याकडे फारसें लक्ष जात नाहीं. २५ नोव्हेंबर १९०१ रोजीं जर्मनींतील फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळांत ऑगुस्ट डेटर नांवाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचा नवरा कार्ल हा रेल्वेंत कारकून होता. तिच्या दुखण्याचें पहिलें चिन्ह विस्मरण हें नव्हतें, मत्सर हें होतें. आपल्या नवऱ्याचें शेजारणीशीं सूत आहे असा तिला एकाएकीं संशय आला. म्हणजे रोगानें पहिला घाव घातला तो लग्नावरच. मग ती स्वयंपाक विसरूं लागली, वस्तु भलत्याच ठिकाणीं लपवूं लागली, रात्रींबेरात्रीं घरांत आरडाओरडा करूं लागली. आणि त्या कारकुनानें जमेल तितके दिवस तिला घरीं सांभाळून अखेर इस्पितळाचा रस्ता धरला. तेथील खर्च त्याला झेपेनासा होता. डॉ. आलॉइस आल्त्सहायमर यांनीं तिला पाहिलें, प्रश्न विचारले, उत्तरें जशींच्या तशीं उतरून घेतलीं. त्याच वर्षाच्या आरंभीं त्यांची स्वतःची पत्नी वारली होती. ही गोष्ट वैद्यकाच्या ग्रंथांत महत्त्वाची नसेल, पण मला ती विसरवत नाहीं. ऑगुस्ट ८ एप्रिल १९०६ रोजीं वारली. त्याच नोव्हेंबरांत डॉक्टरांनीं ट्युबिंगेन येथील सभेंत तिच्या मेंदूंत आढळलेल्या विकृतीचें वर्णन केलें, आणि १९१० सालीं क्रेपेलीन या पंडितानें आपल्या ग्रंथांत या रोगास आल्त्सहायमरचें नांव दिलें. तिच्या रोगाचें मूळ टिपण १९९५ सालीं फ्रँकफुर्टलाच पुन्हां सांपडलें. वेडाला शरीरांत जागा सांपडली, हा त्या संशोधनाचा मोठा लाभ. कार्ल डेटरसारख्यांना त्यानें एवढें तरी सांगितलें कीं, बायकोच्या तोंडून निघालेले ते आरोप तिचे नव्हते.

महाराष्ट्रांत रोगशय्येजवळ बसलेल्या पत्नीची बखर प्रथम स्त्रियांनींच लिहिली. रमाबाई रानडे यांचें आठवणींचें पुस्तक १९१० सालीं निघालें. त्यांत न्यायमूर्तींच्या मोठेपणाच्या गोष्टी आहेतच. पण १६ जानेवारी १९०१ रोजीं हृदयविकारानें न्यायमूर्ति गेले त्या दिवसापर्यंतच्या दुखण्याची, औषधांची, रात्रींच्या जागरणाची हकीगत ज्या तपशिलानें आली आहे, तो तपशील त्यापूर्वीं मराठी गद्याला अपरिचित होता. पतीचें दुखणें हा वाङ्मयाचा विषय होऊं शकतो, ही गोष्ट या पुस्तकानें सिद्ध केली. आणि या बाईंनीं १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाचा जो पसारा उभा केला, त्यांत स्त्रियांना शुश्रूषेचें शिक्षण देण्यास महत्त्वाचें स्थान होतें. त्यासाठीं ससून इस्पितळाशीं संबंध जोडला गेला. घरांतली सेवा ही विद्या आहे, ती शिकावी लागते आणि तिचें वेतन मिळालें पाहिजे, हा विचार एका विधवेनें कृतींत आणला. आमच्या सुशिक्षित घरांनीं त्यांतला ‘विद्या’ हा भाग मान्य केला. ‘वेतन’ या भागाविषयीं अजून कुरकुर चालते.

त्याच्याहि आधीं सावित्रीबाई फुले. १८८८ च्या मे महिन्यांत मुंबईंत जोतीरावांस महात्मा ही पदवी अर्पण झाली, आणि दोनच महिन्यांनीं त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. तशा स्थितींत त्यांनीं डाव्या हातानें ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढलें, ही गोष्ट प्रत्येक चरित्रांत आहे व ती असावीच. परंतु डाव्या हातानें लिहिणाऱ्या माणसाच्या उजव्या हाताचीं सारीं कामें कोणाला तरी करावीं लागतात. घरांत पैसा नव्हता. मामा परमानंदांनीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांस मदतीसाठीं पत्र घातलें तें १८९० सालीं. त्या नोव्हेंबरच्या २८ तारखेस जोतीराव गेले आणि पुस्तक १८९१ सालीं छापून निघालें. सावित्रीबाई पुढें सहा वर्षें जगल्या, व प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं प्लेगनेंच गेल्या. या जोडप्याचें भाग्य एवढेंच कीं, रोगानें शरीर नेलें तरी बुद्धि शेवटपर्यंत जागी ठेविली. सेवा करणारीला सेवा घेणारा ओळखत होता.

आपल्याच काळाजवळचें उदाहरण द्यावयाचें तर पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचें देतां येईल. साऱ्या महाराष्ट्राला हंसविणाऱ्या माणसाचे अखेरचे दिवस कंपवातानें ग्रासले, आणि १२ जून २००० रोजीं, लग्नाला बरोबर चौपन्न वर्षें झालीं त्याच दिवशीं, ते गेले. सुनीताबाईंनीं १९९० सालींच ‘आहे मनोहर तरी’ या पुस्तकांत आपल्या संसारांतलें उणेंदुणें इतक्या स्पष्टपणें लिहिलें होतें कीं, पुष्कळ वाचक दुखावले. मला मात्र त्या पुस्तकामुळें पुढच्या दहा वर्षांविषयीं अधिक आदर वाटला. पति देव आहे असें समजून केलेली सेवा एक, आणि त्याचे सारे दोष छापून झाल्यावर केलेली सेवा दुसरी. या दुसरीची जात वेगळी आहे.

आतां ज्या कारणासाठीं हा विषय हातीं घेतला तें सांगतों. माझी एक आत्या यवतमाळास रहात असे. तिचे यजमान, आमचे आतोबा, कोर्टांत नाझर होते. अक्षर मोत्यासारखें, हिशेब पैपर्यंत चोख, बोलणें मोजकें. सेवानिवृत्तीनंतर सातआठ वर्षांनीं, म्हणजे १९९८ च्या सुमारास, त्यांचा हिशेब चुकूं लागला. वर्षभर तें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, कारण आत्या त्यांच्या वहींतली बेरीज रात्रीं गुपचूप दुरुस्त करून ठेवी. मग ते दत्त चौकांतून घरीं येण्याची वाट चुकले. मग मुलांचीं नांवें गेलीं. मुलें पुण्यास व नागपुरास होतीं; फोन करीत, पैसे पाठवीत, दिवाळीस येऊन आईला म्हणत, ‘तूं किती करतेस!’ आणि चौथ्या दिवशीं परत जात. दोष कोणाला द्यावयाचा? मीहि त्यांतलाच.

सर्वांत शेवटीं आत्येचें नांव गेलें, आणि मग एके सकाळीं तिचा चेहराहि गेला. त्या दिवसापासून आतोबा तिला ‘तुम्ही’ म्हणूं लागले. पंचेचाळीस वर्षें जिला ‘तूं’ म्हटलें, तिला ‘बाई, तुम्ही कोणाकडे आलांत?’ असें अदबीनें विचारूं लागले. तिनें चहा पुढें केला तर ‘आपल्याला त्रास झाला’ म्हणत. आंघोळीच्या वेळीं मात्र कठीण प्रसंग येई. परक्या बाईनें अंगाला हात लावलेला त्यांस खपेना. धोतर घट्ट धरून ते म्हणत, ‘माझी बायको माहेरीं गेली आहे. ती येईपर्यंत थांबा. तिला हें आवडणार नाहीं.’ आत्या एकदां मला म्हणाली, ‘आयुष्यभर माझ्याशीं दोन गोड शब्द बोलायला यांना वेळ झाला नाहीं, आणि आतां माझ्याशींच पतिव्रतेसारखे वागताहेत. मी हंसूं कीं रडूं?’ माझ्या मतें एकनिष्ठेचा याहून विलक्षण दाखला मीं कोठें वाचलेला नाहीं. स्मृति गेली, माणूस गेला, नांव गेलें. पण आपण कोणाशीं तरी बांधलेलों आहों ही एक गांठ तेवढी सुटली नव्हती, आणि ती गांठच आत्येच्या वाटेंत आडवी येत होती!

आमच्या विदर्भाच्या राजकन्येची, दमयंतीची, कथा येथें मला आठवते. नळाचें रूप पालटलें, त्याला कोणी ओळखेना. दमयंतीनें त्याच्या हातच्या स्वयंपाकाच्या चवीवरून व इतर खुणांवरून त्याला हुडकून काढलें. महाभारतकाराची नायिका न ओळखूं येणाऱ्या नवऱ्याला ओळखते. आत्येपुढें याच्या उलट काम होतें. ज्याला ती पूर्णपणें ओळखत होती त्याच्याकडून रोज नव्यानें ओळख मिळवावयाची होती, आणि रोज संध्याकाळपर्यंत ती पुन्हां पुसली जात होती. शेजारपाजारच्या बायका वटपौर्णिमेला तिच्या पायां पडत व तिला साक्षात् सावित्री म्हणत. तिला तें मुळींच आवडत नसे. ‘सावित्रीला यमाशीं बोलायचें होतें,’ ती म्हणे. ‘यमाला निदान ती कोण हें ठाऊक होतें.’

तिनें एकदां त्यांना मारलें. हें तिनेंच मला सांगितलें, भाजी निवडतांना, मान वर न करतां. रात्रींचे तीन वाजले होते, त्यांनीं चौथ्यांदा दाराची कडी काढली होती, आणि घरीं जायचें म्हणून ते रडत होते. तिनें त्यांच्या हातावर जोरानें चापट मारली. ते एकदम गप्प झाले व म्हणाले, ‘चुकलें माझें, बाई.’ पहांटेपर्यंत ती त्या हाताला तेल चोळीत बसली होती. हें मी येथें लिहावें कीं नाहीं याचा मीं पुष्कळ विचार केला. तिच्या श्राद्धाच्या दिवशीं जीं भाषणें झालीं त्यांत अर्थात् ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. पण हा प्रसंग गाळला तर मी परसोजींच्या बखरकारांहून निराळें काय केलें? राण्यांविषयीं त्यांनीं एकेक वाक्य लिहिलें. मी आत्येविषयीं ‘तिनें सोळा वर्षें सेवा केली’ असें एक वाक्य लिहून मोकळा होईन.

होय, सोळा वर्षें. या काळांत तिला कोणी कांहीं शिकविलें नाहीं. आमच्या शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. नागपूरचें मनोरुग्णालय तर १८६४ सालचें. पण आतोबांना ‘वेड्यांच्या इस्पितळांत’ दाखवावयाचें हा शब्दच घरांत कोणी उच्चारीना. मदत कशी करतां येते याचा एक प्रयोग त्याच सुमारास गोव्यांत झाला होता, हें मला फार उशिरा कळलें. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या तेथील पाहणींत असें दिसलें होतें कीं, म्हाताऱ्यांची ही लक्षणें लोक ओळखतात. पण त्यांस रोग न समजतां वयाचा परिणाम, नाहीं तर घरच्यांच्या हेळसांडीचें फळ समजतात. म्हणजे आधीं जिनें सांभाळायचें तिच्याच माथीं दोष! नंतर ‘संगथ’ या संस्थेच्या डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक्यायशीं कुटुंबें घेऊन एक योजना करून पाहिली. मोठीं औषधें नाहींत, यंत्रें नाहींत. गांवांतलीच, थोडें शिक्षण दिलेली व्यक्ति घरीं जाते, रोग म्हणजे काय तें सांगते, आंघोळ घालतांना किंवा रात्रीं जागवणारा रोगी सांभाळतांना काय करावें तें दाखविते, आणि सांभाळणाऱ्या माणसाचें ऐकून घेते. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें सांभाळणाऱ्यांच्या मनावरील भार त्यामुळें हलका झाला. सारें मिळून एवढेंच; पण ज्या घरांत रात्रीं तीन वाजतां कडी वाजते, त्या घरांत एवढें फार असतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानें साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांत सातांहून अधिक जणांस हा विकार आहे, म्हणजे सुमारें अठ्ठ्यायशीं लाख माणसांस. प्रत्येकाच्या मागें निदान एक सांभाळणारें माणूस धरलें, तर तेवढेंच दुसरें एक राष्ट्र होतें, आणि त्यांतलीं किती माणसें बायका आहेत हें सांगण्यास पाहणीची गरज नाहीं. यवतमाळचें नांव वर्तमानपत्रांत येतें तें शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या निमित्तानें. त्या घरांतील विधवांविषयीं थोडेंफार लिहिलें जातें. ज्यांचे नवरे जिवंत आहेत आणि नाहींत, त्यांना वर्तमानपत्रांत कोणता मथळा द्यावा हें संपादकांस सुचत नसावें.

आंघोळीचा प्रश्न आत्येनें स्वतःच सोडविला. तिला कोणी सुचविलें नव्हतें. सुचलें तेव्हां तिलाहि हंसूं आलें असें ती सांगे. रोज सकाळीं नऊच्या सुमारास पाणी तापलें म्हणजे ती मागच्या दारानें बाहेर पडे, हातांत जुनी कापडी पिशवी घेई, बोळांतून वळसा घालून पुढच्या दाराशीं येई आणि कडी वाजवी. कामवाली मुलगी दार उघडी. आत्या उंबऱ्यांत उभी राहून मोठ्यानें म्हणे, ‘आलें बरें मी माहेराहून!’

आतोबा खुर्चींतून मान वळवून पहात. कधीं कधीं कांहींच होत नसे, आणि त्या दिवशीं आंघोळ राही. पण मीं स्वतः तेथें असतांना एके दिवशीं पाहिलें, त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू कांहीं तरी उजळलें. ते उठण्याची धडपड करूं लागले, आणि किंचित् रागानें म्हणाले, ‘फार दिवस राहिलीस.’

आत्येनें पिशवी खुंटीला अडकविली. ‘गाडी चुकली,’ ती म्हणाली. ‘चला, पाणी निवतंय.’